सातमजलीचे देव

"अजून किती देव आहेत आत?" इंजिनिअर साहेब स्वतःशीच पुटपुटले. मला विचारलं नव्हतं, पण तळघरात आम्ही दोघंच होतो आणि टॉर्च माझ्या हातात होता, त्यामुळे ऐकू आलं. ते गुडघ्यांवर बसले होते, बूट काढून, कारण खांबापासून तीन फुटांवर आमच्या अज्जांनी, म्हणजे आजोबांनी, पिवळ्या रंगाची रेघ मारून घेतली होती आणि तिच्या आत चपला चालत नसत. खांबातल्या कोनाड्यात, पितळी नंदीच्या मागे त्यांनी हात घातला, कोपरापर्यंत गेला, तरी मागची भिंत लागेना. हात बाहेर काढला तेव्हा बोटं पांढरी झाली होती. "हे काय?" "भस्म," मी म्हणाले. "कोण ठेवतं?" "ठेवत नाही कुणी. वरून पडतं. रोज." त्यांनी ती पूड अंगठ्यावर चोळली, टॉर्चच्या उजेडात धरली, आणि रुमालाला पुसली. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण ती पूड कपाळाला लावत असे. रुमालाला पुसणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मग त्यांनी लहानशी हातोडी घेऊन खांब खालून वर ठोकत नेला. वरच्या बाजूला आवाज खणखणीत येत होता. देवांच्या आजूबाजूला तो मऊ, बसका झाला, ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. तेवढ्यात वरच्या मजल्यावर क्लासची घंटा झाली, शंभरएक मुलं एकदम बाकांवरून उठली, आणि टॉर्चच्या झोतात मी पाहिलं की कोनाड्याच्या छतातून बारीक पांढरी रेघ खाली येतेय आणि नंदीच्या पाठीवर ठरतेय. साहेबांनीही पाहिलं. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "वर रोज इतकी मुलं असतात?" मी मान हलवली. मी त्या वर्षात बहुतेक सगळ्या प्रश्नांना मानच हलवत होते.

ही इमारत म्हणजे सोलापूरच्या नव्या पेठेतली सातमजली. तिला तिच्या हयातीत तीन नावं मिळाली, तिन्ही वेळा दर्शनी भिंतीवर नवी अक्षरं बसवली गेली, पण गावाने एकही नाव तोंडात बसवून घेतलं नाही. रिक्षावाल्याला सातमजली म्हटलं की पुरे, अजूनही पुरतं. बांधली ती एका तेलुगू विणकर शेटनी. चादरींच्या धंद्यात ते वर आले होते, आणि जिथे त्यांच्या वडिलांचे माग होते त्याच जागेवर त्यांना ऑफिसं काढायची होती, मुंबईत असतात तशी. लिफ्ट लागली तेव्हा गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला आलेली खेडोपाडची माणसं आधी सातमजलीची लिफ्ट बघून मग यात्रेत जात, असं अज्जा सांगायचे. लिफ्टमध्ये चढताना काही जण चपला बाहेर काढून ठेवत आणि सातव्या मजल्यावर अनवाणी उतरत. शेटनी तळघरातल्या मधल्या खांबाला, रस्त्याकडच्या बाजूला, वीतभर कोनाडा करून मार्कंडेयाची तसबीर ठेवली. इमारतीचं सगळं ओझं ज्याच्या अंगावर येतं त्याच्यापाशी देव असावा, एवढाच त्यांचा विचार. पुढे त्यांनी ती एका कापूस दलालाला विकली. दलाल आले, त्यांनी नाव बदललं, रंग बदलला, पण मागच्या मालकाचा देव उठवायला त्यांचं मन होईना. त्यांनी त्याच खांबाच्या दुसऱ्या बाजूला आपली लक्ष्मी बसवली. तिचा कोनाडा हातभर. त्यांच्यानंतर आमचे अज्जा. अक्कलकोटकडून डाळींच्या व्यापाराला सोलापुरात आलेला माणूस, सातमजलीचा मालक झाला त्या दिवशी तळघरात बसून रडला होता म्हणे. त्यांनीही कुणाला उठवलं नाही. पूर्वेच्या बाजूला त्यांनी सगळ्यांत मोठा कोनाडा केला, आत नंदी आणि सिद्धरामेश्वरांची मूर्ती, आणि तिन्ही देवांना एकमेकांचा उजेड मिळावा म्हणून मधल्या भिंती काढून आतून सगळं एक करून घेतलं. वर संगमरवर, काचेची दारं, आत पिवळा दिवा. मध्ये दोन लोखंडी सळया आडव्या येत होत्या, त्या गवंड्याने कापून काढल्या. ही गोष्ट अज्जा कौतुकाने सांगत. "देवासमोर लोखंड कशाला?" असं ते म्हणायचे.

आम्ही सातव्या मजल्यावर राहायचो. खाली सहा मजले ऑफिसं, दवाखाने, टायपिंग, विम्याची माणसं, आणि वर आमचा तवा. सकाळी लिफ्ट पहिल्यांदा हलली की स्वयंपाकघरातली भांडी किणकिणत. पाणी चार-पाच दिवसांनी यायचं. त्या दिवशी पंप सुरू झाला की आई हातातलं सगळं टाकून टाकीकडे धावायची. वडील मी चौथीत असताना गेले. तेव्हापासून घर माझ्या थोरल्या काकांच्या, म्हणजे दोड्डप्पांच्या हातात होतं, आणि आई त्या घरात हळू पावलांनी वावरायची. वाईट कुणी वागवत नव्हतं. फक्त आईची भाकरी सगळ्यांत शेवटी तव्यावर पडायची, आणि तिच्या ताटात शेंगांची चटणी जास्त आणि भाजी कमी असायची, एवढंच. घरात कानडी चालायची, जिन्यावर मराठी, आणि शाळेत इंग्रजी. नन शिकवायच्या त्या शाळेत मला दोड्डप्पांनीच घातलं होतं. त्याचा परिणाम असा झाला की कुणी काही विचारलं की उत्तर कुठल्या भाषेत द्यायचं हे ठरवण्यात माझा एक क्षण जायचा, आणि तेवढ्यात बोलणं पुढे गेलेलं असायचं. लोक म्हणायचे, पोरगी लाजाळू आहे. मी लाजत होतेच, पण त्याहून जास्त मी उशिरा पोचत होते. आता वाटतं, त्या उशिरापणाची मला नंतर सवय झाली, सोय म्हणूनही.

सकाळी देवांची पूजा अज्जा करत, आणि त्याआधी काचा पुसणं माझ्याकडे होतं. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून. मूर्तींवर, तसबिरीवर, पितळी समईवर रोज पांढरी पूड जमलेली असायची. काही महिने कमी, काही महिने जास्त. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा अज्जांनी तीन बोटं त्यात बुडवून कपाळावर आडवी ओढली. सिद्धरामेश्वर स्वतः भस्म देतात, ही गोष्ट आधी घरात, मग इमारतीत आणि मग पेठेत पसरली. मी ती पूड मऊ कुंचल्याने गोळा करून चांदीच्या डबीत भरायची. डबी भरली की अज्जा खूश. पहिल्या मजल्यावर म्हेत्रे सरांचा क्लास होता, दहावी-बारावीचा. परीक्षेच्या दिवसांत मुलं जिन्यावरून खाली रांग लावत आणि चिमूट घेऊन जात. म्हेत्रे सर स्वतः विज्ञान शिकवायचे आणि स्वतःही लावायचे. मला विचारत, "काय गं, आज जास्त आलंय का?" मी मान हलवायची. परीक्षेच्या दिवसांत खरंच जास्त यायचं. तेव्हा वर्गात जादा बॅचेस असायच्या, मुलं जास्त असायची, उठबस जास्त असायची. हे दोन धागे मी कधी एकत्र बांधले नाहीत. एवढी वर्षं रोज तिथे उभं राहून बांधले नाहीत, याची मला आज कुणाही दुसऱ्यापेक्षा जास्त लाज वाटते.

इंजिनिअर पुण्याहून आले होते ते महापालिकेच्या नोटिशीमुळे. जुन्या इमारती तपासून घ्या, असं सगळ्या पेठेलाच आलं होतं. दोड्डप्पांना त्यात सोय दिसली. सातमजली विकायचं चाललंच होतं, तपासणीचा कागद हातात असला तर बरं. डाळींचा धंदा बसला होता, दोड्डप्पांची दोन्ही मुलं पुण्यात होती, अज्जांना जिना उतरवत नव्हता आणि लिफ्ट आठवड्यातून दोनदा अडकत होती. घेणारे होते माळशिरसकडचे सर्जेराव अण्णा. ऊस वाहून नेणाऱ्या गाड्यांपासून सुरुवात करून माती उपसायच्या मोठ्या यंत्रांपर्यंत पोचलेला माणूस. त्यांना सातवर अजून दोन मजले चढवायचे होते. त्यांचा माणूस येऊन गच्ची मोजून गेला होता, वरच्या भिंती ठोकून गेला होता. तळघरात आल्यावर मात्र त्याने काचेपुढे हात जोडले, चिमूटभर कपाळाला लावलं आणि तो वर गेला. त्याच्या जागी आम्ही तरी काय केलं असतं. आणि ही विक्री झाली की मी पुण्याला जाणार होते, इंग्रजी घेऊन एम.ए. करायला. हॉस्टेलसुद्धा दोड्डप्पांनी बघून ठेवलं होतं. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे. त्या आठवड्यात मी जे केलं आणि जे केलं नाही, त्यात या हॉस्टेलच्या खोलीचाही वाटा होता.

अहवाल ई-मेलवर आला. घरातले ई-मेल मीच बघायची, म्हणून तो पहिल्यांदा मी वाचला. गच्चीवर, टाकीच्या सावलीत बसून. पहिली दोन पानं बरी होती. बाहेरच्या भिंती, जिना, गच्चीची गळती, सगळ्याला उपाय सांगितले होते. तिसऱ्या पानावर तळघरातल्या खांबाचा फोटो होता, आमचे देव होते, आणि त्यावर लाल बाण काढले होते. देवांवर लाल बाण बघून मला आधी रागच आला. मग मी खालचा मजकूर वाचला. वेगवेगळ्या काळात तीन बाजूंनी खांब कोरला गेला आहे, तिसऱ्या वेळी सळया कापल्या आहेत. आता ओझं मुख्यतः उत्तरेच्या, न कोरलेल्या बाजूवर आहे. काँक्रीट चुरतंय, ती पांढरी पूड त्याचीच. खांबाला ताबडतोब टेकू द्यावा आणि तोपर्यंत त्यावरचा पहिला मजला वापरू नये. 'ताबडतोब' हा शब्द ठळक केला होता. मी खाली जाऊन चांदीची डबी उघडून पाहिली. पूड तीच होती. फक्त मी आता तिला हात लावू शकत नव्हते.

दोड्डप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं. साहेबांचा त्यांना फोनही येऊन गेला होता, हे मला तेव्हा कळलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "हे बघ पुट्टी," ते म्हणाले. घरात मला पुट्टीच म्हणत, लहानगी. "खांब काल कोरला का? तू जन्मायच्या आधीपासनं असाच आहे. पडला का? गुरुवारी मुहूर्त आहे. अण्णांकडं सगळी यंत्रं आहेत, लोखंड आहे. शुक्रवारी मी स्वतः त्यांना सांगतो, शनिवारी टेकू लागतोय बघ. आपण आत्ता सांगितलं तर व्यवहार गेला. आपल्याच्यानं हे काम व्हायचं नाही, मग खांब तसाच राहणार. सांग, मुलांचं भलं कशात आहे?" त्यांचं म्हणणं मला पटत होतं, निदान पटावं असं वाटत होतं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "आणि अज्जांना कोण सांगणार? तू? सळया कुणी कापायला लावल्या, हे त्या ऐंशी वर्षांच्या माणसाला तू सांगणार?" आई दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान अशी हलवली की कुणाला दिसू नये. नको, असं.

त्याच दुपारी अज्जांनी हाक मारली. "बा इल्ली," इकडे ये. ते खिडकीशी बसले होते. तिथून पूर्वी गिरणीचं धुराडं दिसायचं, आता होर्डिंग दिसत होतं, तरी ते रोज तिकडेच तोंड करून बसत. "साहेबांनी काय लिहिलंय गं?" "चांगलं लिहिलंय अज्जा." "देवाचं काय लिहिलंय?" मला वाटलं त्यांना ठाऊक आहे. मग लक्षात आलं, त्यांना खरोखरच वाटत होतं की पुण्याच्या इंजिनिअरने देवाबद्दल दोन चांगले शब्द लिहिले असतील. "फोटो घातलाय," मी म्हणाले. ते लहान मुलासारखे हसले. "इंग्रजीत?" "हो." "अण्णांना दाखव हं. म्हणावं, आमच्या देवाचा फोटो सरकारी कागदात आहे." मी हो म्हणाले आणि न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून बसले, पाणी नव्हतं तरी.

सोमवार, मंगळवार, बुधवार. या तीन दिवसांत मला इमारतीतला प्रत्येक आवाज वेगळा ऐकू येऊ लागला. लिफ्टचा धक्का. दवाखान्यातली जड कपाटं सरकवण्याचा आवाज. आणि दर तासाला घंटा, मग शंभर जोड्या पाय. घंटा व्हायच्या आधी मी हातातलं काम थांबवायची आणि श्वास धरायची. एकदा मी पहिल्या मजल्यापर्यंत गेले, म्हेत्रे सरांना सांगायचं ठरवून. ते फळ्यावर कसलीशी आकृती काढत होते, खडूची भुकटी त्यांच्या बाहीवर पडली होती. "या या, भस्मवाल्या बाई!" ते म्हणाले आणि वर्ग हसला. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "दीदी, रविवारी आमची टेस्ट आहे, जरा जास्त ठेवा ना." मी हसले, मान हलवली आणि परत आले. जिन्यात मी स्वतःला सांगितलं, शनिवारी टेकू लागणार आहे, रविवारी टेस्ट आहे. जमतंय.

गुरुवारी सकाळपासून घरात गूळ आणि वेलदोड्याचा वास भरला होता. आईने हुग्गी केली होती, गव्हाची खीर, मोठ्या पातेल्यात, कारण नवा मालक आणि जुना मालक एका ताटात हुग्गी खाऊन तळघरात जाणार होते. ही पद्धत अज्जांनी काढली नव्हती, दलालांच्या वेळेपासून चालत आली होती, फक्त तेव्हा हुग्गीऐवजी लापशी होती. सर्जेराव अण्णा पांढऱ्या कपड्यांत आले, मागे दोन माणसं. सातव्या मजल्यावर जिन्यानेच चढून आले होते, लिफ्ट अडकली म्हणून. "लई उंचावर राह्यलाय तुमी मालक," ते धापा टाकत म्हणाले. "वर आल्यावर म्हाईत पडलं, लिफ्ट आधी बदलाय पायजे, मजलं मागनं!" सगळे हसले. दोड्डप्पा जरा जास्तच हसले. मग अण्णांनी अहवाल मागितला. "माझा वकील वाचंल की निवांत. पन मला कुनीतरी तोंडानं सांगा. कागदाला डोळं नसत्यात, मानसाला असत्यात." दोड्डप्पांनी मला पुढे केलं. मी इंग्रजी पान बघत मराठीत सांगत गेले. भिंती. जिना. गच्चीची गळती. माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटत होता. दुसरं पान संपलं. तिसरं पान उलटायला बोट गेलं, आणि दोड्डप्पा म्हणाले, "पुढं नकाशे आहेत नुसते." मी पान खाली ठेवलं. अण्णा माझ्याकडे बघत होते. बारीक डोळ्यांचा माणूस होता, उन्हात वाढलेला. "ताई कमी बोलत्यात व्हय?" "लाजते," दोड्डप्पा म्हणाले. "बरं हाय," अण्णा म्हणाले. "आमच्या घरात समदेच बोलत्यात, ऐकायला कुनी न्हाय."

मला वाटलं संपलं. पण ताटातली हुग्गी पुसून अज्जांनी अण्णांना विचारलं, "तुमचा देव कोण?" "बिरोबा." "आणलाय ना?" "आनलाय की. तुमी सांगितलं न्हवतं का?" अण्णांच्या माणसाने पिशवीतून लाल फडक्यात गुंडाळलेली मूर्ती काढली. दुसरा माणूस तोवर गप्प होता, मी त्याला ड्रायव्हर समजले होते. त्याच्या पिशवीत छिन्नी आणि हातोडा होता. तो गवंडी होता. अज्जांनीच अण्णांना निरोप पाठवला होता: तीन मालकांचे तीन देव आहेत, चौथी बाजू तुमची, पहिला घाव तुमच्या हाताने. दोड्डप्पांना हे ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा मी पाहिला. "अण्णा, आज नको," ते म्हणाले, "आज नुसता नारळ फोडू. कोनाडा सावकाश करू, चांगला कारागीर बोलवून." "असं कसं?" अज्जा म्हणाले. त्यांचा आवाज किती वर्षांनी एवढा मोठा निघाला होता. "आपल्या देवांना जागा, आणि त्यांच्या देवानं पिशवीत बसायचं? मी घेतली तेव्हा दलालानं मला अडवलं होतं का?" दोड्डप्पांकडे याला एकच उत्तर होतं, आणि ते तिसऱ्या पानावर होतं.

अज्जांना खुर्चीत बसवून अण्णांच्या दोघा माणसांनी सहा मजले आणि खाली तळघरापर्यंत उतरवलं. मी मागे निरांजन घेऊन. पहिल्या मजल्यावर दार उघडं होतं, म्हेत्रे सरांचा आवाज येत होता, वर्ग भरलेला होता, सकाळची मोठी बॅच. तळघरात पिवळ्या रेघेबाहेर सगळ्यांनी चपला काढल्या. दोड्डप्पांनी माझ्या कोपराला धरलं आणि कानाशी म्हणाले, "दोन घाव घालतील, वरवरचे. मी थांबवतो गवंड्याला. तू काही करू नकोस." बोलताना त्यांची नजर छताकडे होती, आणि मला कळलं की तेही गेले चार दिवस घंटेपूर्वी श्वास धरत होते. गवंडी खांबाच्या मागे, उत्तरेच्या बाजूला गेला. तिथे संगमरवर नव्हता, काच नव्हती, नुसता जुना राखाडी गिलावा होता. त्याने तळहात फिरवला. "ही बाजू पक्की हाय मालक," तो म्हणाला. "ह्यात खोल जाता येतंय." अण्णांनी छिन्नी घेतली, खांबाला टेकवली, हातोडा उचलला आणि अज्जांकडे पाहिलं. अज्जांनी हात जोडले होते. पहिला घाव बसला. गिलाव्याचा एक पोपडा उडून माझ्या पायाशी पडला. काचेच्या आत नंदीच्या पाठीवर पांढरी रेघ उतरली, नेहमीपेक्षा जाड, आणि अज्जा आनंदाने म्हणाले, "बघा, बघा, देवानं मानलं!" अण्णांनी दुसऱ्या घावासाठी हात उचलला.

निरांजन मी कधी खाली ठेवलं ते आठवत नाही. एवढं आठवतं की मी रेघ ओलांडून खांब आणि छिन्नी यांच्या मध्ये उभी होते, पाठ त्या राखाडी गिलाव्याला लागलेली. अण्णांचा हात वरच थांबला होता. "ताई, लागंल की," ते म्हणाले. दोड्डप्पांनी माझं नाव घेतलं, पुट्टी नव्हे, शाळेतलं पूर्ण नाव. अज्जा खुर्चीतून पुढे वाकले. "एनाय्तु?" काय झालं? त्यांच्या कपाळावर सकाळची तीन बोटं ओढलेली होती. मी त्यांच्याकडेच बघत राहिले, दुसरीकडे बघितलं असतं तर जमलं नसतं. वर कुणीतरी बाक सरकवला. कुठल्या भाषेत बोलावं हा विचार त्या वेळी माझ्या मनात आलाच नाही.

मी म्हणाले, "अज्जा, हा खांब एवढाच उरलाय, माझ्या पाठीमागे आहे तेवढा. बाकीचा आपण देवांना जागा करता करता काढून टाकला. ते भस्म नाही, हा खांब चुरतोय. वर मुलं बसलीत. आधी त्यांना बाहेर काढा, मग मला काय बोलायचं ते बोला."